हार्ड डिस्क जाणारच, डेटा का जावा?

मॅगझिनच्या मराठी विभागात कवितांचा पाऊस पडतो आणि टेक्निकल लेख मात्र सगळे इंग्लिश विभागात जाऊन बसतात, अशी दरवर्षी तक्रार असते. म्हणून हा लेख मुद्दाम मराठीत. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे 'चकती', 'चुंबकीय पृष्ठभाग' वगैरे शब्द काही माझ्या तोंडात बसत नाहीत. मी प्लेटला प्लेट आणि हेडला हेडच म्हणणार आहे. तुम्ही तरी दुसरं काय म्हणता?

विषय आहे घरच्या कॉम्प्युटरचा. आपण हॉस्टेलवाले शनिवारी एस.टी. पकडून मालवण, देवगड, वैभववाडी, सावंतवाडी असे घरोघर पांगतो. घरी पोहोचून चहा होतो न होतो तोच कोणीतरी म्हणतं, "तू इंजिनीअरिंगला ना? जरा कॉम्प्युटर बघ." ब्रँच सिव्हिल असो की मेकॅनिकल, सुटका नाही. बरं, घरच्या त्या जुन्या डेस्कटॉपमध्ये काय काय असतं? लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, काजू-आंब्याचा हिशोब, आजोबांचा शेवटचा व्हिडिओ. आणि हे सगळं बहुतेक घरांत एकाच डिस्कवर, एकाच ठिकाणी असतं. कॉम्प्युटर नवा घेता येतो. आजोबांचा व्हिडिओ दुकानात मिळत नाही.

आत नेमकं काय चालतं

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएमने आणली. नाव रामॅक. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० प्लेट्स आणि जागा जेमतेम ५ एमबी! आजच्या मोबाईलचा एखादा मोठा फोटोही त्यात मावला नसता. आकार तेव्हापासून आक्रसत गेला, पण मूळ कल्पना तीच राहिली. गरागरा फिरणारी प्लेट आणि तिच्यावर तरंगणारं हेड.

एक छोटं गणित करू. साडेतीन इंची डिस्कमधल्या प्लेटचा व्यास साधारण ९५ मिलिमीटर असतो. वेग ७२०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. परीघ सुमारे ३० सेंटिमीटर. गुणाकार केला की प्लेटच्या कडेचा वेग येतो सेकंदाला जवळजवळ ३६ मीटर, म्हणजे ताशी १२९ किलोमीटर. आपल्या कोकण रेल्वेवर कणकवलीला न थांबता जाणाऱ्या गाड्यासुद्धा एवढ्या वेगाने धावत नाहीत. आणि या वेगाने पळणाऱ्या प्लेटपासून हेड किती वर असतं? आजच्या डिस्कमध्ये फक्त काही नॅनोमीटर. माणसाचा केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. धुराचा कणसुद्धा या फटीपुढे डोंगर! हेड वर राहतं ते प्लेटबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावर. मेकॅनिकलवाल्यांना एअर बेअरिंग शिकवतात ना, तेच.

आता विचार करा, चालू असलेली एक्स्टर्नल डिस्क कॉटवरून खाली पडली तर काय होईल? हॉस्टेलमध्ये पिक्चर भरलेली डिस्क या कॉटवरून त्या कॉटवर वायरसकट, चालू स्थितीतच फिरते. बंद डिस्कचं हेड प्लेटच्या बाहेर, रॅम्पवर पार्क असतं, ती थोडाफार धक्का सोसते. चालू डिस्कचं हेड प्लेटवर आपटलं की तिथला थर खरवडला जातो. त्याचा चुरा आत फिरत राहतो आणि तो चुरा पुढच्या ओरखड्याचं कारण होतो. म्हणून डिस्क एकदा खरवडायला लागली की बिघाड थांबत नाही, वाढतच जातो.

लाइट गेली की हेड आपटतं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यामागचं इंजिनीअरिंग मला फार आवडतं. सप्लाय तुटला तरी प्लेट लगेच थांबत नाही, जडत्वाने फिरत राहते. त्या क्षणी डिस्कची मोटर जनरेटर बनते आणि तिच्या बॅक ईएमएफवर हेड मागे ओढून पार्क केलं जातं. म्हणजे मरता मरता डिस्क स्वतःच वीज तयार करून स्वतःला वाचवते! नुकसान होतं ते दुसरीकडे. डेटा आधी कॅशमध्ये थांबतो, मग प्लेटवर जातो. लाइट गेल्यावर कॅशमधलं उडून जातं आणि फाईल अर्धवट राहते. विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी-४ या फाईल सिस्टीम जर्नल ठेवतात, त्यामुळे फोल्डरची रचना बहुधा शाबूत राहते, पण तुमच्या अर्ध्या लिहिलेल्या एक्सेल शीटची हमी तेही देत नाहीत.

आपला पाऊस, आपली वीज

पुस्तकं लिहिली जातात ती एसीमधल्या कॉम्प्युटरसाठी. आपलं गाव वेगळं आहे. इथे डिस्कचे शत्रू ऋतूप्रमाणे येतात.

मे महिन्याच्या शेवटी संध्याकाळी आभाळ भरून येतं आणि कडकडाट सुरू होतो. आपण मेन स्विच बंद करतो, पण ब्रॉडबँडची वायर तशीच राहते. वीज जवळपास पडली की लाट येते ती विजेच्या तारेतून येते, टेलिफोनच्या किंवा लॅनच्या तांब्याच्या तारेतूनही येते. म्हणून गडगडाट ऐकू आला की प्लग काढायचा आणि ती तारही काढायची. सर्ज प्रोटेक्टर लावला म्हणून निर्धास्त राहू नये. त्यात एमओव्ही नावाचा घटक असतो, तो जास्तीचा दाब बाजूला वळवतो आणि प्रत्येक वेळी थोडा थोडा झिजतो. शिवाय वळवायचं कुठे, तर अर्थिंगमध्ये. आता आपल्याकडची जमीन बघा. जांभा दगड, मे महिन्यात सुकून ठणठणीत. कोरड्या जमिनीचा रोध जास्त, म्हणजे वीज सगळ्यात जास्त कडाडते तेव्हाच अर्थिंग सगळ्यात कमकुवत असतं! अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळाभर पाणी ओतायला जुने वायरमन सांगतात ते काही उगीच नव्हे. इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये अर्थ टेस्टर आहे, कोणीतरी आपल्या घरच्या अर्थिंगचं मे आणि जुलैमधलं रीडिंग घेऊन मिनी प्रोजेक्ट करा.

यूपीएस हवाच, पण तो सिनेमा संपवण्यासाठी नाही. घरगुती यूपीएस थोडीच मिनिटं देतो. ती मिनिटं फाईल सेव्ह करून नीट शटडाऊन करण्यासाठी असतात.

मग पावसाळा. जुलैमध्ये पापड, काडेपेटी, कॅमेऱ्याची लेन्स कशाकशाला बुरशी येत नाही? साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून फिल्टर लावलेलं एक बारीक छिद्र असतं. त्यावर स्टिकर चिकटवू नका, असं तिथेच लिहिलेलंही असतं. कंपन्या डिस्कसाठी आर्द्रतेची मर्यादा देतात ती दव न धरण्याच्या अटीवर. म्हणजे दमट हवा चालते, आत पाणी सुटलेलं चालत नाही. कपाटात ठेवायची बॅकअप डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पापडाचा डबा आईकडून मागून घ्या. दर महिन्या-दोन महिन्यांनी पुड्या तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात.

आणि मग पूर आणि वादळ. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. खांब आडवे झाले, झाडं तारांवर पडली, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. दोनच महिन्यांनी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. दुकानं, घरांचे तळमजले बुडाले. १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकंही भिजली, २००५ च्या पुरानंतर दुसऱ्यांदा. आपल्याच तालुक्यात खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी येणं हे तर नवीन नाही. अशा वेळी कॉम्प्युटर टेबलावर आणि बॅकअप त्याच टेबलाच्या खणात असेल तर दोन्ही एकाच पाण्यात जातात.

'स्मार्ट' किती स्मार्ट?

प्रत्येक डिस्कमध्ये 'स्मार्ट' नावाची स्वतःची तब्येत सांगणारी व्यवस्था असते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं की ती वाचता येते, लिनक्सवाल्यांसाठी स्मार्टमॉनटूल्स आहे. त्यातल्या तीस-चाळीस आकड्यांना घाबरू नका. तीन ओळी बघा. रीअलोकेटेड सेक्टर काउंट, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. पहिली ओळ सांगते की प्लेटवरच्या किती जागा खराब म्हणून बाद करून राखीव जागा वापरल्या. दुसरी सांगते की किती जागा वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही. तिसरी म्हणजे निकाल लागला, वाईट लागला. या तिन्हींत शून्य हवं. सीआरसी एररची ओळ वाढत असेल तर मात्र आधी केबल बदला, बऱ्याचदा दोष तिचाच असतो.

पण सगळं शून्य असलं म्हणजे डिस्क ठणठणीत का? २००७ मध्ये गुगलच्या तीन इंजिनीअर्सनी, पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी, एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की पहिली स्कॅन एरर आल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता इतर डिस्कच्या ३९ पट होते. म्हणजे इशारा मिळाला तर तो खरा माना. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. निम्म्याहून जास्त डिस्क न सांगता गेल्या! डॉक्टरकडे जाऊन ईसीजी नॉर्मल आला म्हणून मृत्यूपत्र फाडून टाकण्यासारखं आहे हे.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे खोक्यावरचा एमटीबीएफ. १० लाख तास! भागाकार करा, ११४ वर्षं होतात. ११४ वर्षं चालणारी डिस्क कोणी बघितली आहे? त्या आकड्याचा अर्थ एवढाच की खूप डिस्क चालू ठेवल्या तर वर्षाला त्यातल्या ०.८८ टक्के जातील. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या श्रोडर आणि गिब्सन यांनी, पुन्हा २००७ मध्येच, प्रत्यक्ष बदललेल्या डिस्क मोजल्या तेव्हा हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी २ ते ४ टक्के निघालं, आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी सांगितलेलं इथे उपयोगी पडतं. टक्केवारी हजार डिस्कवाल्याच्या कामाची असते. ज्याच्याकडे एकच डिस्क आहे त्याची एक तर शंभर टक्के जाते नाहीतर शंभर टक्के राहते.

मामाची डिस्क

माझ्या मामाला दशावताराचं वेड. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की हा रात्रभर रेकॉर्डर घेऊन पखवाज-पेटीच्या बाजूला बसणार. असं त्याने बारा-तेरा वर्षं केलं. सगळं रेकॉर्डिंग घरच्या कॉम्प्युटरवर, नाटकाचं नाव, गाव आणि तारीख घालून, नीट फोल्डर करून. त्यातल्या दोन पेटीवाल्या बुवांचं नंतर निधन झालं. त्यांचा आवाज आणि त्यांची पेटी एवढीच उरली होती.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. "काय गो, माजो कॉम्प्युटर चालू होना नाय. आतसून टक टक असो आवाज येता."

हा टक टक आवाज म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाही. ते जातं, चाचपतं, परत येतं, पुन्हा जातं. अशा वेळी एकच योग्य गोष्ट असते, बंद करून प्लग काढणे. पण फोन करण्याच्या आधी दोन दिवस मामा आणि शेजारचा मुलगा मिळून "परत एकदा लावन बघतंय" करत होते. प्रत्येक वेळी ताशी १२९ किलोमीटरने फिरणाऱ्या प्लेटवर ते जखमी हेड ओरखडे काढत होतं. त्यात कोणीतरी सांगितलं की डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालते. हा उपाय पूर्वी फार प्रसिद्ध होता. पण जून महिन्यात फ्रीजरमधली थंडगार वस्तू कोकणच्या हवेत बाहेर काढली की तिच्यावर काय होतं ते सरबताचा ग्लास बघून कळतं. सुदैवाने मामीने फ्रीजमध्ये माशांच्या शेजारी डिस्क ठेवू दिली नाही!

डिस्क मुंबईला रिकव्हरी लॅबला पाठवली. अशी लॅब डिस्क उघडते ती क्लीन रूममध्ये, जिथे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे शंभरसुद्धा कण नसतात. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून बसवतात आणि प्लेट जमेल तेवढी वाचून घेतात. सर्किट बोर्ड बदलून काम होतं असं पूर्वी म्हणायचे, पण आता प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं बोर्डवरच्या चिपमध्ये असतात, त्यामुळे नुसता बोर्ड बदलून भागत नाही. हे सगळं हजारोंच्या हिशोबात जातं. लॅबचं उत्तर आलं की प्लेटवर गोल चरे आहेत, वाचण्यासारखं काही नाही. चरे पडले तिथला थर चुरा होऊन गेलेला असतो. तो कुठलीही लॅब परत आणत नाही.

तरीही मामाची अकरा नाटकं परत मिळाली. कशी? कुडाळच्या एका कलाकाराच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी ती पेनड्राईव्हवर मागून नेली होती. बॅकअप म्हणून नव्हे, गाडीत ऐकायला! त्या दोन बुवांपैकी एकांची पेटी त्या अकरात आहे. दुसऱ्यांची नाही.

जोडलेली कॉपी

"माझ्याकडे दोन डिस्क आहेत, दोन्ही कॉम्प्युटरमध्येच आहेत, एकावर लिहिलं की दुसरीवर आपोआप जातं," असं कोणी म्हणालं तर त्याला पुढची गोष्ट सांगा.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. पैसे मागितल्याचं नाटक होतं, प्रत्यक्षात तो डेटा पुसत सुटला. मेर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी त्यात आडवी झाली. आपल्या रायगड जिल्ह्यात न्हावा-शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर आहे, तिथलं मेर्स्क समूहाचं टर्मिनलही बंद पडलं आणि कंटेनरच्या ट्रकच्या रांगा लागल्या. मेर्स्कने दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्याने उभे केले. पण मोठी अडचण होती डोमेन कंट्रोलरची. नेटवर्कमध्ये कोणाला आत घ्यायचं हे ठरवणारे हे सर्व्हर. कंपनीकडे ते जगभर मिळून दीडशेच्या आसपास होते आणि सगळे एकमेकांची कॉपी ठेवायचे. एक गेला तर दुसऱ्यावरून उभा करायचा, अशी योजना. सगळे एकदम जातील हे कोणी धरलंच नव्हतं. जोडलेले होते म्हणून सगळे एकदम गेले.

एक सोडून! आफ्रिकेत घाना देशातला सर्व्हर वाचला होता. का? तर त्या वेळी तिकडे लाइट गेली होती! व्हायरस फिरत होता तेव्हा तो बंद होता. लाइट गेली म्हणून महावितरणच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं. पुढची गंमत अशी की घानाहून तो डेटा इंटरनेटवरून पाठवायला लाईन पुरेशी नव्हती, म्हणून शेवटी डिस्क माणसाच्या हातातून विमानाने इंग्लंडला पोहोचली.

सीएसवाले रेडच्या नोट्स पाठ करतात. ही कल्पना १९८८ साली पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलेच्या मंडळींनी मांडली, ती उत्तम आहे. एक डिस्क गेली तरी काम न थांबता चालू राहतं. बँकेला, हॉस्पिटलला ते हवंच. पण तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केला तर रेड तो दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने डिलीट करतं. क्लाउडवर सिंक होणाऱ्या फोल्डरचंही तसंच, फक्त तिथे काही दिवस ट्रॅशमध्ये वस्तू मिळते.

मग करायचं काय

फोटोग्राफर लोकांमध्ये एक नियम आहे. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने २००५ च्या पुस्तकातून तो लोकांपर्यंत नेला. तीन-दोन-एक. कॉपी तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक कॉपी घराबाहेर. मी आपल्या हवामानासाठी त्यात एवढंच वाढवीन की एक कॉपी वायर काढून ठेवलेली असावी.

घरच्यासाठी माझा हिशोब असा. एक कॉपी कॉम्प्युटरवर आहेच. दुसरी एक्स्टर्नल डिस्कवर, महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची, काढून डब्यात. तिसरी दुसऱ्या गावात. दुसरं गाव म्हणजे खरंच दुसरं, त्याच नदीच्या काठावरचं नव्हे! मावशीकडे, आत्याकडे, किंवा इथे हॉस्टेलच्या कपाटात. आपण दर पंधरा दिवसांनी घरी जातोच, मग बॅकअप आपल्याच बॅगेतून जाऊ-येऊ दे.

"क्लाउड असताना एस.टी. कशाला?" असं आयटीवाले विचारतील. पुन्हा गणित. घरी ५०० जीबी आहेत आणि अपलोडचा वेग १० एमबीपीएस मिळतो असं धरा. ४० लाख मेगाबिट भागिले १० म्हणजे ४ लाख सेकंद, सलग साडेचार दिवसांहून जास्त, लाइट आणि नेट एकदाही न जाता. आता एक टीबीची डिस्क घेऊन कणकवलीहून देवगडला जाणाऱ्या एस.टी.त बसा, प्रवास दोन तास धरा. ८० लाख मेगाबिट भागिले ७२०० सेकंद, म्हणजे ११०० एमबीपीएसपेक्षा जास्त! आपल्या लाल गाडीची बँडविड्थ ही अशी आहे. फक्त डिस्क कपड्यांच्या मध्ये ठेवा, मागच्या सीटवर बसू नका. क्लाउडचा उपयोग वेगळा. रोज बदलणाऱ्या छोट्या फाईल्स, प्रोजेक्ट रिपोर्ट, सातबाऱ्याचे स्कॅन हे फुकटच्या १५ जीबीत आरामात राहतात. लास्ट इयरवाल्यांनी तर हे आजच करावं. चौघांचा प्रोजेक्ट एकाच पेनड्राईव्हवर आणि तो पेनड्राईव्ह एकाच्याच किल्लीच्या जुडग्यात, हे दृश्य प्रत्येक विंगमध्ये आहे.

कॉपी करण्यासाठी विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये फाईल हिस्टरी आहे, ती जुन्या आवृत्त्याही ठेवते. रोबोकॉपी ही कमांड पण आहे, वेगवान आणि भरवशाची. फक्त तिचा मिरर पर्याय जपून वापरा. मिरर म्हणजे मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही काढून टाकणे. मूळ फोल्डर रिकामा झाला असेल आणि तुम्ही मिरर चालवलात, तर बॅकअपसुद्धा आज्ञाधारकपणे रिकामा होईल. लिनक्सवर आरसिंक आहे, त्यातही डिलीटचा पर्याय मुद्दाम दिल्याशिवाय ते काही पुसत नाही.

एसएसडीबद्दल दोन शब्द. तिच्यात फिरणारं काही नाही, पडली तरी फारसं बिघडत नाही, घरच्या जुन्या कॉम्प्युटरला लावली तर तो नव्यासारखा पळतो. अवश्य लावा. पण ती जाते तेव्हा टक टकसुद्धा करत नाही, सकाळी दिसतच नाही. आणि डिलीट झालेली फाईल तिच्यावरून परत मिळणं कठीण, कारण ट्रिम कमांडमुळे मोकळी जागा खरंच पुसली जाते. शिवाय तिच्यातला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, वर्षानुवर्षं वीज न देता उष्ण जागी ठेवली तर तो हळूहळू गळतो. म्हणून कपाटात ठेवायच्या कॉपीसाठी मी अजूनही साधी फिरणारी डिस्कच घेईन.

नवीन लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक तपासा. विंडोज ११ बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करते. लॅपटॉपचा बोर्ड गेला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आणि त्या अकाउंटचा पासवर्ड बहुतेकांना आठवत नाही. की शोधून कागदावर लिहा आणि रेशन कार्डाच्या फाईलमध्ये ठेवा.

राहिली शेवटची गोष्ट, जी जवळजवळ कोणीच करत नाही. बॅकअप उघडून बघणे. कॉपी झाली असं स्क्रीनवर आलं म्हणजे ती वाचता येईलच असं नाही. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना पिक्सार स्टुडिओत कोणीतरी एक डिलीट कमांड चालवली आणि पिक्चरच्या फाईल्स भराभर नाहीशा झाल्या. बॅकअप होता, पण तो नीट होत नसल्याचं तेव्हाच कळलं. गॅलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टरबाई लहान बाळामुळे घरून काम करायच्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक कॉपी होती. ती गाडीत ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणली आणि पिक्चर वाचला.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. घरी गेलात की बॅकअपची डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, आपल्या नव्हे. वेगवेगळ्या फोल्डरमधून दहा फाईल्स निवडा, एक जुना फोटो, एक व्हिडिओ, एक हिशोबाची शीट अशा. नुसतं नाव बघू नका, उघडा. व्हिडिओ मधूनच पुढे नेऊन बघा, कारण अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला छान चालतो. मोठ्या फाईलचा हॅश काढायचा असेल तर विंडोजमध्ये सर्टयुटिल आहे, मूळ आणि कॉपी दोन्हींचा आकडा एकच आला पाहिजे. मग डब्याच्या झाकणावर मार्करने तारीख टाका. मामाच्या नव्या डब्यावर आता तीन तारखा आहेत, आणि डबा त्याच्याकडे नाही, कुडाळला त्या कलाकाराच्या मुलाकडे असतो.